कॅमेरे बसवायला आलेल्या ताईंना, सांगलीच्या मार्केट यार्डातून

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण पत्र उघड लिहितोय, कारण यार्डातल्या बाकीच्या अडत्यांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

तुम्ही आलात ते चार कॅमेरे बसवायला. ते जोडताना वायफायच्या सेटिंगचं पान उघडलंत आणि हातातलं काम थांबवलंत. "काका, जरा बाहेर चला," म्हणालात. रस्त्यापलीकडच्या टेंपोजवळ तुमच्या मोबाइलवर आमच्या दुकानाची रेंज पूर्ण येत होती. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला, चार वर्षं तोच. त्याच वायफायवर हिशेबाचा संगणक, आणि त्यात शेतकऱ्यांच्या पट्ट्या म्हणजे विक्रीचे हिशेब, त्यांचे बँक खात्यांचे नंबर. हळद त्यांची, पैसा त्यांचा, माझ्या भरवशावर सोडलेला. पोटात गोळा आला.

एन्क्रिप्शन म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही शिडीच्या पायरीवर बसून सांगितलंत. हवेतून जाणारं कुणालाही पकडता येतं, फक्त अर्थ दोघांनाच लागला पाहिजे. मला वडिलांच्या पिढीचे सौदे आठवले. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. भोवती माणसांची गर्दी, पण आकडा त्या दोन हातांनाच ठाऊक.

आमचा जुना प्रिंटर चालावा म्हणून राउटरवर टीकेआयपी ही एन्क्रिप्शनची जुनी पद्धत लावून ठेवलेली होती. डब्ल्यूईपी हे वायफायचं सुरुवातीचं कुलूप 2001 साली फुटलं, मग जुन्या यंत्रांना सांभाळून घ्यायला 2003 मध्ये आणलेली ती तात्पुरती सोय. तुम्ही त्याजागी एईएस ही मजबूत पद्धत निवडायला लावलीत. वायफाय सुरक्षेचे जुनं डब्ल्यूपीए2 आणि नवं डब्ल्यूपीए3 असे दोन्ही प्रकार एकत्र चालू ठेवलेत, कारण दिवाणजींचा फोन जुना आहे. प्रिंटर अर्थातच जोडेना. "त्याच्यापुरतं पहिलं राहू द्या" म्हणालो, तर ऐकलं नाहीत. पिशवीतून वायर काढून तो थेट राउटरला जोडलात. त्या हट्टाबद्दल विशेष आभार.

डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्ड न टाकता पिनवर वायफाय जोडायच्या सोयीची गोष्ट तर मी रोज कुणाला ना कुणाला सांगतो. आठ आकडी पिन, म्हणजे दहा कोटी शक्यता असं कुणालाही वाटेल. पण राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. पहिल्या चारांचे 10,000, पुढच्या तिनांचे 1,000. पावतीच्या पाठीवर मी स्वतः बेरीज केली: फार तर 11,000 प्रयत्न. हे 2011 सालीच उघड झालं होतं, आणि आमच्याकडे ते परवापर्यंत चालूच होतं.

वायफायचं नाव लपवूया, असं मी सुचवलं. त्यानं कुणी अडत नाही, शोधणाऱ्याला ते दिसतंच, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. त्यापेक्षा पासवर्ड लांब करा; 63 अक्षरांपर्यंत चालतो. आता तो चार मराठी शब्दांचा आहे, एकमेकांशी काही नातं नसलेल्या. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड कंपनीनं दिलेलाच होता, तोही बदलला.

शेतकरी आणि ड्रायव्हर मंडळींसाठी पाहुण्यांचं वायफाय वेगळं काढून दिलंत, तिथून आमचा संगणक दिसत नाही. सौद्याला आलेल्या माणसाला घरी व्हिडिओ कॉल लावता येतो, हे मला फार मोलाचं आहे. ते बंद करावं लागलं नाही.

प्रत्येक बटण तुम्ही माझ्याच हातानं दाबून घेतलंत. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, तुमचं मिरजेचं काम राहिलं. जादा वेळेचे पैसे घेतले नाहीत. घरची दळलेली राजापुरी हळद दोन किलो बाजूला काढून ठेवली आहे. यार्डात आलात की घेऊन जा, तिला मात्र नाही म्हणू नका.

आपला,
हळद पेठेतला एक अडत्या