व्हिडिओ कॅप्चर यंत्राबाबत तक्रार : आमची कॅसेट चांगली होती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
(कंपनीचे नाव व पत्ता पाकिटावर)

दिनांक : १२ ऑगस्ट २०२४

विषय : यूएसबी व्हिडिओ कॅप्चर यंत्रातील दोष, चुकीचे मार्गदर्शन व नाकारलेली वॉरंटी याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे यूएसबी व्हिडिओ कॅप्चर यंत्र मी ३ जून रोजी ऑनलाइन १,८९९ रुपयांना मागवले. घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवरचे चित्रण संगणकात उतरवून घ्यायचे, एवढेच काम होते. ५ ऑगस्टला आपला शेवटचा मेल आला : तपासणीअंती ग्राहकाची कॅसेट खराब असल्याचे आढळले, सबब वॉरंटी लागू होत नाही. कॅसेट माझ्या कपाटात आहे. आपल्यापैकी कोणीही ती पाहिलेली नाही, हातात घेतलेली नाही. मग तपासणी कोणी केली आणि कशाची केली? हे मला कळले पाहिजे, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

आधी कॅसेटविषयी सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात औसा तालुक्यातले आमचे माळवदाचे घर बसले. माणसे वाचली, पण भिंतीवरच्या तसबिरी आणि फोटो दगडमातीखाली गेले. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मे १९९५ मध्ये, पत्र्याच्या शेडसमोर मांडव घालून माझ्या आत्याचे लग्न झाले. लातूरहून व्हिडिओवाले आले होते. त्यांच्या कॅमेऱ्यात आजी जात्यावर हळद दळताना आणि ओव्या म्हणताना आली आहे. ते जातेही ढिगाऱ्यातून काढलेलेच होते, त्याच्या वरच्या पाळूला कडेला टवका गेलेला स्पष्ट दिसतो. आजी १९९८ मध्ये गेली. तिचा आवाज या एका कॅसेटखेरीज कुठेही नाही.

त्यामुळे मी घाई केली नाही. कॅसेटचे पुढचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिली. पांढरी बुरशी नव्हती, फीत चकचकीत होती. व्हीसीआर आमच्या ओळखीच्या जुन्या टीव्ही मेकॅनिककाकांकडे नेला. त्यांनी हेड (फीत वाचणारा भाग) साफ केले, बेल्ट आणि रबरी रोलर बदलला आणि बजावून सांगितले, "बाई, ही फीत मोजून चालवा. प्रत्येक वेळी ती घासते." व्हीसीआर आता कुठेच बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, तेव्हाच तो विषय संपला. हेड गेले की दुसरे आणायचे कुठून? म्हणून काकांचे ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले आणि पहिल्या दिवसापासून कॅसेट किती वेळा चालवली याची नोंद ठेवली. त्या नोंदीची प्रत सोबत आहे.

यंत्राच्या खोक्यावर "विंडोज ११ वर चालते" आणि "पाल व एनटीएससी दोन्ही" (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती) असे छापले आहे. आत ड्रायव्हरची, म्हणजे संगणकाला यंत्र ओळखता यावे म्हणून टाकायच्या सॉफ्टवेअरची, छोटी सीडी निघाली. आजकालच्या लॅपटॉपला सीडी लावायला जागाच नसते, हे आपल्याला ठाऊक नाही असे कसे म्हणू? आपल्या संकेतस्थळावरची लिंक उघडत नव्हती. नऊ दिवसांनी ड्रायव्हर मेलवर मिळाला, तो टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्राच्या नावापुढे पिवळी खूण. विंडोजच्या मेमरी इंटिग्रिटी या संरक्षणाला तो जुना ड्रायव्हर चालत नव्हता. आपल्या ग्राहक सेवेने सांगितले, "मॅडम, ते बंद करून टाका." त्याच लॅपटॉपवर माझे बँकेचे व्यवहार आहेत, शाळेतल्या मुलांची माहिती आहे. १,८९९ रुपयांच्या यंत्रासाठी घराची कडी काढून ठेवायला सांगणे हा उपाय नव्हे. मी नकार दिला. मग आणखी चार दिवसांनी नवा ड्रायव्हर आला आणि तो निमूट चालला. म्हणजे तो आपल्याकडे आधीपासून होता.

चित्र आले ते काळे-पांढरे आणि वर वर सरकत जाणारे. आपल्याकडून उत्तर मिळाले की कॅसेट जुनी झाली की रंग उडतात. मी व्हीसीआरची तीच वायर यंत्रातून काढून टीव्हीला लावली. आत्याचे पिवळे पातळ पिवळेधमक दिसत होते. रंग उडाले असते तर ते टीव्हीवरही उडाले असते, एवढे तर कोणालाही समजेल.

दोष कुठे होता ते नांदेडला पॉलिटेक्निकला असलेल्या माझ्या भाच्याने शोधले. भारतात दूरदर्शनपासून पाल पद्धत चालत आली आहे : ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे. अमेरिका-जपानकडची एनटीएससी ५२५ रेषांची, सेकंदाला सुमारे ३० फ्रेमची. रंग वाहून नेणारी लहरही वेगळी, पालची ४.४३ मेगाहर्ट्झ, त्यांची ३.५८. आपले यंत्र एनटीएससी धरून बसले होते. त्याला आपला रंग सापडत नव्हता आणि रेषाही जुळत नव्हत्या. भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन "पाल बी" निवडले आणि त्याच क्षणी मांडवातल्या पताका रंगात आल्या. पण यंत्र काढून परत लावले की ते पुन्हा एनटीएससीवर जाते. भारतात विकायचे यंत्र भारतीय पद्धतीवर सुरू होत नाही, आणि ते मागितलेली गोष्ट लक्षातही ठेवत नाही! याला कॅसेटचा दोष म्हणायचे का?

तोवर कॅसेट पाच वेळा चालवून झाली होती.

पुढचा त्रास याहून वाईट. आपल्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग मध्येच थांबायचे आणि "हे चित्रण कॉपी-संरक्षित आहे" अशी पाटी यायची. बाजारात विकल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या कॅसेटमध्ये मॅक्रोव्हिजन हे नक्कल रोखणारे तंत्र असायचे. पडद्यावर न दिसणाऱ्या रेषांमध्ये जादा झटके भरलेले असायचे, म्हणजे नक्कल करताना उजेड कमी-जास्त होऊन चित्र बिघडते. आमच्या आत्याच्या लग्नात मॅक्रोव्हिजन कोण घालणार? मी थांबण्याच्या जागा मिनिट-सेकंदासह लिहून काढल्या. प्रत्येक जागा म्हणजे व्हिडिओवाल्याने कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केलेली जागा होती. तिथे क्षणभर चित्र हलते, ताळ सुटतो. साधा टीव्ही ते सांभाळून घेतो. आपले यंत्र मात्र त्या हलण्याला चोरी समजते.

हे लेखी कळवले तरी उत्तर तेच : "मॅडम, एकदा पुन्हा लावून बघा." दुसरी यूएसबी जागा वापरून बघा. हब (एका यूएसबी जागेच्या अनेक जागा करणारा जोड) काढून बघा. अँटिव्हायरस बंद करून बघा. चार्जर लावूनच ठेवा, नाहीतर पॉवर सेव्हिंगमुळे फ्रेम गळतात. यातले काही सल्ले योग्यच आहेत, मी नाकारत नाही. पाल चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) घ्यायचे तर ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ वेळा, म्हणजे सेकंदाला जवळपास २१ एमबी आणि तासाला सुमारे ७५ जीबी होतात. मध्ये हब नको, डिस्क वेगवान हवी, हे मलाही पटले. पण हे सगळे कोणत्याही फालतू कॅसेटवर तपासता आले असते. "आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून बघा" हे एक वाक्य आपल्या माणसांनी दोन महिन्यांत एकदाही उच्चारले नाही. मलाही ते सुचले नाही, कारण सांगणारे तज्ज्ञ आहेत या विश्वासाने मी ऐकत होते.

भाच्याने शेवटी व्हर्च्युअलडब हे मोफत सॉफ्टवेअर घातले. त्यात पाटी येत नाही आणि गळलेल्या फ्रेमचा आकडा समोर दिसतो. एका तासात १०३ फ्रेम गळल्या, त्याही बहुतेक त्याच हलत्या जागांवर. २५ ने भागा, चार सेकंदांहून थोडे जास्त होतात. चित्रातली चार सेकंदे गेली आणि आवाज मात्र पूर्ण राहिला, त्यामुळे चित्र पुढे पळते आणि आवाज मागे राहतो. आजीचे दळण पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास येते. तिथे आजीचे तोंड मिटते, ती खुंट्यावरचा हात सोडून पदराने कपाळ टिपते, आणि ओवी चालूच असते. ते बघून माझी आई उठून आत गेली. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. आपल्या मेलमध्ये या दोषाला "किरकोळ तफावत" म्हटले आहे, म्हणून लिहिले.

चार्जर लावून ठेवल्यामुळे आवाजात सतत एक घुंई बसली, तीही आम्हीच शोधली. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की ती जाते.

२१ जुलैला आपल्या सूचनेवरून कॅसेट चौदाव्यांदा लावली. दळणाच्या जागीच फीत आत अडखळली आणि वरची कड चुरगळली. व्हीएचएसमध्ये चित्र फितीच्या मधल्या भागात तिरप्या रेघांनी लिहिलेले असते आणि साधा आवाज असतो वरच्या कडेला, बारीक पट्टीत. म्हणून चित्र बरेचसे वाचले, आवाज गेला. अकरा सेकंद. पालमध्ये फीत सेकंदाला सुमारे २.३४ सेंटीमीटर सरकते, म्हणजे एका वितीहून थोडी जास्त फीत झाली. फीत २९ वर्षांची होती, व्हीसीआर जुना होता, तेव्हा यातला काही वाटा नशिबाचा आणि काही माझा आहे, हे मी मान्य करते. पण चौदापैकी अकरा वेळा ती आपल्या सांगण्यावरून चालली, ही नोंद मेलच्या तारखांशी ताडून बघावी.

त्यानंतर मी कॅसेट लातूरमधल्या एका फोटो स्टुडिओत नेली. त्यांच्याकडे जुना डिजिटल कॅमकॉर्डर आणि फायरवायरचा (कॅमेऱ्यातून चित्रण घ्यायच्या जुन्या जोडणीचा) जुना संगणक आहे. व्हीसीआर माझाच, वायर माझीच, कॅसेट तीच. व्हीसीआरचा सिग्नल कॅमकॉर्डरमधून घेतला आणि पूर्ण तीन तास एका बैठकीत उतरले. गळलेल्या फ्रेम दोन. रंग व्यवस्थित, ओठ आणि आवाज शेवटपर्यंत जुळलेले. आठशे रुपये लागले. कॅसेट खराब असती तर हे झाले असते का? आपल्या ५ ऑगस्टच्या मेलचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

चुरगळलेल्या अकरा सेकंदांचा आवाज आता आपल्याच यंत्रावर केलेल्या नवव्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढा उरला आहे, चार्जरच्या घुंईसकट. भाच्याने तो तिथून काढून स्टुडिओच्या चित्राखाली हाताने जुळवून लावला. ओवी ऐकताना मध्येच घुंई सुरू होते आणि अकरा सेकंदांनी थांबते.

माझ्या मागण्या अशा. यंत्राची पूर्ण किंमत १,८९९ रुपये आणि स्टुडिओचे ८०० रुपये, एकूण २,६९९ रुपये परत करावेत. कॅसेट खराब असल्याचा शेरा माझ्या तक्रारीवरून लेखी मागे घ्यावा. पैशांपेक्षा हा शेरा मला जास्त लागला आहे, कारण तो खोटा आहे. मला मेलवर पाठवलेला नवा ड्रायव्हर संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवावा, आणि यंत्र सुरू होताना पाल धरेल अशी दुरुस्ती करावी. ती होत नसेल तर खोक्यावर तसे मराठीत स्पष्ट छापावे. ग्राहक सेवेतल्या मुलांना बोल लावायचा नाही. त्यांच्यापुढे जो कागद ठेवला आहे, तो बदलावा : पहिला प्रश्न "हीच कॅसेट टीव्हीवर कशी दिसते?" हा असावा, दुसरा "सेटिंग पालवर आहे का?", आणि सगळ्या चाचण्या साध्या कॅसेटवरच करायला सांगाव्यात. आमच्या भागात भूकंपानंतरच्या अशा कॅसेट अजून पुष्कळ घरांत पेट्यांमध्ये पडून आहेत. त्या बाहेर काढणारी माणसे आपलेच यंत्र विकत घेतील.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझी पहिली लेखी तक्रार १८ जूनची आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी लातूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागता येते, त्यामुळे आपले कार्यालय लांब असल्याची अडचण मला नाही. यंत्र, सीडी आणि खोके जपून ठेवले आहे, माणूस पाठवल्यास देईन. कॅसेट मात्र तपासणीसाठी पाठवणार नाही. पाहायची असेल तर आपल्या तंत्रज्ञाने घरी यावे, टीव्हीवर दाखवीन, तीही दळणाची जागा सोडून.

सोबत बिलाची प्रत, मेलच्या प्रती, कॅसेट चालवल्याची नोंद, गळलेल्या फ्रेमच्या पडद्याचे फोटो आणि स्टुडिओची पावती जोडली आहे.

आपली ग्राहक,
(सही)
प्राथमिक शिक्षिका, लातूर