आधी टॉर्च माझ्या हातात देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि पाण्याच्या टँकरचा विषय काढता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता काय करायचं ते करा.

आपल्या सोसायटीत माझ्या गाडीखालचा तो ऑइलचा काळा डाग कोणी बघितला नव्हता असं नाही. सगळ्यांनी बघितला होता. ग्रुपवर फोटो पडला, पार्किंगच्या टाइल्स खराब होताहेत म्हणून, फोटोखाली अंगठे पण आले. गाडीला झालंय काय हे विचारायला खाली उतरलात ते फक्त तुम्ही.

त्याआधीचं सांगते म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल मी एवढी का भारावलेय. आपल्या नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली की एसीतून जळकट वास यायचा. सर्व्हिस सेंटरला नेली (नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग). तिथल्या टॅबवाल्या मुलाने गाडी लिफ्टवर चढवली, खालून लांबूनच बोट दाखवलं आणि म्हणाला मागचं ऑइल सील (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाजवळचं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, १६ हजार. मी विचारलं नेमकं कुठून गळतंय ते दाखवता का, तर म्हणे "मॅडम ते टेक्निकल असतं, सर असतील तर त्यांना घेऊन या." सर नागपूरला असतात, आणि सरांना डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) कुठे असते ते पण माहीत नाही, पण हे त्याला कशाला सांगू. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने तर बॉनेट पूर्ण न उघडताच "अजून पन्नास हजार किलोमीटर काय होत नाही, ऑइल टाकत राहा" असं सांगून टाकलं. एक गिअरबॉक्स उतरवतोय, एक बॉनेट उघडत नाही, आणि बघायला मात्र दोघेही तयार नाहीत.

आणि मग तुम्ही. डिझेल इंजिनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मायकोत आयुष्य गेलेला माणूस (कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं पण तुम्ही मायकोच म्हणता, आणि मायको सर्कलला तरी कोण बॉश सर्कल म्हणतं?), मायक्रॉनमध्ये मोजमापं करणारे हात, आणि माझ्या तेलकट इंजिनासमोर बनियनवर उभे. इंजिन गार होतं तोवर सगळं रॉकेलच्या फडक्याने पुसून घेतलंत, वाळू दिलंत, आणि म्हणालात घरात टाल्कम पावडर आहे का. मला वाटलं हाताला लावायला. तुम्ही ती इंजिनावर भुरभुरवलीत! मग गाडी चालू ठेवायला सांगितलीत आणि तेवढ्या वेळात ते वाक्य बोललात जे मी आता सगळ्यांना ऐकवत फिरते, "तेल वरून खाली येतं पोरी. खाली ओलं दिसलं म्हणून खालीच फुटलंय असं नसतं. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची."

गाडी बंद केल्यावर तुम्ही छोटा आरसा मागितलात. मी पर्समधला कॉम्पॅक्ट दिला. तर तुम्ही आरसा न घेता उलट तुमच्या हातातला टॉर्चच माझ्या हातात दिलात आणि बाजूला सरकलात. "आधी तू बघ. मग मी बघतो."

काका, खरं सांगते, बाकी सगळं विसरले तरी हे नाही विसरणार. मी वाकले, इंजिनच्या मागच्या अंगाला आरसा धरला, टॉर्च मारला, आधी नुसती पांढरी पावडर दिसली, मग आरसा थोडा तिरका केला आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून एक बारीक तपकिरी ओली रेघ पावडर भिजवत खाली गेलेली दिसली, एक फाटा तापलेल्या सायलेन्सरकडे, म्हणजे तो वास, आणि दुसरा थेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, म्हणजे ते १६ हजार. "काका इथून येतंय!" मी ओरडलेच. आणि तुम्ही अजून बघितलं पण नव्हतं. "मग सापडलं की," एवढंच बोललात आणि मग चष्मा वर करून स्वतः वाकलात.

पुढचं काम काय, त्या कव्हरखालचं रबरी पॅकिंग बदलायचं. द्वारका चौकाकडून ओरिजिनल आणलं, प्लगच्या खड्ड्यातल्या रिंगांसकट पाचशेच्या आत. जुनं पॅकिंग वाकवायला गेले तर पापडासारखं तुटलं, रबर म्हणायचं कशाला त्याला. मी म्हटलं सिलिकॉन पेस्ट थापूया का सगळीकडून, पक्कं बसेल, तर तुम्ही फक्त जोडाच्या कोपऱ्यांवर टिपका दिलात, जास्तीचं आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं म्हणालात. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे, ते पण माझ्याकडूनच आवळून घेतलेत आणि मी जोर लावायला लागले की पान्यावर एक बोट ठेवायचात, ॲल्युमिनियम आहे, आटे जातील म्हणून. ब्रीदरचा (इंजिनातला दाब बाहेर सोडणारा) पाइप पण फुंकून बघितलात, तो तुंबला तर आत दाब वाढून नवं पॅकिंगही गळतं हे मला कोणत्याच टॅबवाल्याने सांगितलं नव्हतं.

आणि अजून एक, हे कोणाच्या लक्षात आलं नसेल. ते काळं रॉकेल तुम्ही गटारीत ओतू दिलं नाहीत. "गटार नासर्डीत, नासर्डी गोदावरीत, आणि मग आपणच गोदाकाठी हात जोडून उभे," असं पुटपुटत कॅनमध्ये भरून तुम्ही ते सातपूरला जुनं ऑइल घेणाऱ्याकडे दिलंत. कोणी बघत नसताना असं वागणारी माणसं किती राहिलीत? कुंभमेळ्याच्या बैठकांमध्ये अशा एखाद्या माणसाला बोलवा म्हणावं.

आता वास नाही, टाइल्स कोरड्या आहेत, ग्रुपवाल्यांनी नवा फोटो काढून ग्रुपवर टाकायला हरकत नाही. डिपस्टिकवरची पातळी दर रविवारी मी बघते, गाडी सपाट जागेवर, इंजिन गार, तुम्ही सांगितलं तसंच.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पॅकिंगचे पण स्वतःच द्यायला निघाला होतात, त्यावर आपलं भांडण बाकी आहे. पुढच्या रविवारी ऑइल बदलायचंय. फिल्टर आणि ड्रेन प्लगचा नवा वॉशर आणून ठेवलाय. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसायचं, पाना मी धरणार. काकूंना सांगा नाश्ता आमच्याकडे, आणि येताना माझा कॉम्पॅक्ट आणा, तो तुमच्या टूलबॉक्समध्येच राहिलाय.

तुमची,
बी विंगमधली