सिकलसेल समजावून सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

लेकीच्या रिपोर्टवर ‘एसएस’ लिहून आलं, म्हणजे आईबापांकडून आलेली दोन्ही जनुकं सिकलसेल या रक्ताच्या आजाराची, तेव्हा काय करायचं ते बऱ्याच जणांनी सांगितलं. पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, गोळी चुकवू नका. पण असं का करायचं, ते तुम्ही सांगितलंत. तेही ओपीडीची गर्दी ओसरल्यावर, जेवणाचा डबा तसाच बाजूला ठेवून. त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं फार दिवस मनात होतं.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशीतलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, त्यात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या, हे तुम्ही केसपेपरच्या मागे काढून दाखवलंत. बीटा साखळीत माळेतल्या मण्यांसारखी १४६ अमिनो आम्लं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे माझ्या लेकीत व्हॅलिन आहे. बाकीच्या १४५ जागा अगदी बरोबर! व्हर्नन इनग्राम या शास्त्रज्ञांनी १९५६ साली केंब्रिजमध्ये हा एवढासा फरक शोधून काढला, याचं मला अजून नवल वाटतं.

एवढ्याशा फरकाने इतकं दुखणं कसं, हे मी विचारलं होतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार बदलतो आणि लुगड्यात कुसळ रुतावं तसं ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत रुततं. एकाला एक लागून लांब, ताठ धागे होतात, तांबडी पेशी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. लेक रात्ररात्र हाडं धरून रडायची ते यामुळे. एरवी १२० दिवस जगणारी पेशी अशी झाली की १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून अंगात रक्त कमी. आणि शरीरातलं पाणी घटलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं, धागे भराभर बनतात. हे कळल्यापासून पाण्याची बाटली ती स्वतःच भरून घेते, मला मागे लागावं लागत नाही.

दुसरं ऋण त्याहून मोठं. घरात सगळा बोल मला लागत होता. तुम्ही यांना आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलंत की आम्ही दोघंही ‘एएस’ आहोत, म्हणजे एक जनुक सिकलसेलचं आणि एक चांगलं असलेले वाहक; लेकीला एक जनुक माझ्याकडून आलं, एक यांच्याकडून. वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून आमच्यासारख्या जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, हेही सांगितलंत. सासूबाई त्यानंतर मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. धाकट्या दिराचं लग्न ठरताना दोन्हीकडची तपासणी आधी करून घ्या, असा हट्ट त्यांनीच धरला.

हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित चालू आहे. तिच्यामुळे पोटातल्या बाळाचं असतं तसलं हिमोग्लोबिन वाढतं, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि धाग्यांची जुळणी मोडते, हे लेकीने आता पाठ केलंय. तिचा नवा प्रश्न असा, की ते चांगलं हिमोग्लोबिन जन्मानंतर शरीर बंदच का करतं? मला उत्तर येत नाही. पुढच्या तपासणीला तिला घेऊन येते, तेव्हा तिला थोडा वेळ द्याल ना?

तुमची,
एका लेकीची आई