ईशूच्या कानांची तपासणी

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, मीसुद्धा दीड वर्षाचा होईपर्यंत काही बोलत नव्हतो ना?" मी हो म्हणाले, कारण ते खरंच आहे. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं, की आता माझ्या त्या 'हो'च्या भरवशावर तू डॉक्टरांनी सुचवलेली ईशूच्या कानांची तपासणी पुढच्या महिन्यावर टाकशील. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू "बरं बरं" म्हणतोस आणि माझं सांगणं राहून जातं.

आधी आनंदाचं सांगते. परवा व्हिडिओ कॉलवर तू फोन धरला होतास, त्यामुळे तुला कदाचित दिसलं नसेल. ईशू केतकीच्या कडेवर होती. दिवा लागला तसं तिने वर बोट केलं आणि लगेच मान वळवून केतकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. केतकीचं लक्ष तुझ्याकडे होतं. तर या बाईसाहेबांनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि पुन्हा दिव्याकडे बोट! तिला दिवा नको होता रे, तो आईनेही बघायला हवा होता. मला इतकं भरून आलं.

एखादी वस्तू मागायला बोट दाखवणं निराळं आणि 'बघ ना' म्हणून दाखवणं निराळं, हा फरक बाळांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच मांडला होता. पुढे जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी दहा बाळांचं बोलणं आणि हातवारे महिनोन् महिने टिपून ठेवले. २००५ मध्ये त्यांनी लिहिलं, की बाळ आधी ज्या वस्तूकडे बोट दाखवतं, तिचं नाव बहुतेक वेळा त्यानंतर तोंडात येतं. बुटाकडे बोट करून जे मूल 'बाबा' म्हणतं, ते 'बाबांचा बूट' हे आधीच सांगून मोकळं झालेलं असतं, फक्त अर्धं हाताने. अशी जोडणी ज्यांना लवकर जमली, त्यांनी दोन शब्दही लवकर जोडले. म्हणून ईशूने बोट केलं, की हातातलं काम ठेवून तिकडे बघा आणि तिथल्या तिथे त्या वस्तूचं नाव घ्या. ती बघत असतानाच. फोन बाजूला ठेवून.

झालं, लागले शिकवायला. केतकी हे सगळं माझ्यापेक्षा छान करते, मला दिसतं ते. रागावू नकोस.

पण समीर, नंदूमामाही बोट दाखवायचा.

तुला तो आठवतो तो मोठा झालेला. मी त्याला रांगताना पाहिलंय. इतकं शहाणं, शांत मूल म्हणून सगळे कौतुक करायचे. आमच्या बाबांसाठी ओठांवर मिशी ओढायचा, माझ्यासाठी खांद्यावरून वेणी. 'बाहेर जायचं'ला एक खूण, 'झोप आली'ला दुसरी. कोणी शिकवलं नव्हतं, सगळं त्याने स्वतः घडवलेलं. ताट जमिनीवर पडलं की तो वळून बघायचा, म्हणून आजी छातीठोक सांगायची, ऐकू येतं त्याला. तो हादरा त्याला पायांना जाणवत होता. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा कुठे कळलं, की त्याला ऐकू येत नाही. तोवर त्याच्यापर्यंत ना आमची भाषा पोचली होती, ना हातांची खरी, पुरी भाषा त्याला कोणी दिली होती. एवढं तल्लख डोकं, आणि त्याच्याशी नीट बोलणारं घरात कोणी नाही.

ईशू बोट दाखवते, नजरेला नजर देते, खेळ समजते, हे सगळं उत्तम आहे. कानांबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आणि तुझं उशिरा बोलणं? तू शब्द बोलत नव्हतास, पण दिवसभर 'बाबाबा दादादा' चालायचं. बाबांच्या चपला जिन्यात वाजल्या की पाठमोरा खेळत असलास तरी उठून दारापाशी धावायचास. ईशू किंचाळते, गुणगुणते, हसते. पण 'बाबाबा' असं अक्षरांचं गाडं मी तिच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. बहुतेक बाळांमध्ये ते दहाव्या महिन्याच्या आत सुरू होतं. ऐकू कमी येणारी बाळंही आवाज काढतात, नेमकं हेच त्यांना उशिरा जमतं. ती आता चौदा महिन्यांची आहे.

जन्मली तेव्हाची तपासणी ठीक आली होती, हे माझ्या लक्षात आहे. पण ऐकणं पुढेही कमी होऊ शकतं. तिला सारखी सर्दी असते. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी आवाज दबून येतात, आणि ते उपचाराने बरं होण्यासारखं असतं. तसं असेल तर किती सोपं!

महिन्याभराने काय बिघडतं, असं तू म्हणशील. तोंडाआधी कान कामाला लागतात, बाळा. जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येतात, आणि वर्षाची होईपर्यंत तो फरक त्यांच्यातल्या बहुतेकांना टिपता येत नाही. म्हणजे पहिला शब्द फुटायच्या आधीच कानाने घरच्या भाषेची निवड केलेली असते. आणि ऐकू येत नसेल, तरी डोकं थांबत नाही: खुणांची भाषा बोलणाऱ्या बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळं हातांनी बोबडं बोलतात, हे लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये नोंदवलं. ईशूला भाषा कानांतून द्यायची की डोळ्यांतून, की दोन्हींकडून, एवढंच आपल्याला कळायला हवं. लवकर कळायला हवं.

मी तिला बहिरी ठरवत नाहीये. देव करो आणि सगळं नीट निघो, मग तू मला हवं तेवढं चिडव. डॉक्टरांनी आपणहून सुचवलंय, तर ते ऐक.

बेरा चाचणी, म्हणजे कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, बाळ झोपलेलं असताना करतात. कपाळावर आणि कानामागे छोट्या पट्ट्या चिकटवतात, कानात हलके आवाज सोडतात. दुखत नाही. त्या दिवशी तिला पहाटे उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका, म्हणजे तिथे गाढ झोप लागेल. दोघांपैकी कोणाला रजा मिळत नसेल तर मी येते, बाबांचं मी बघून घेईन. उद्या फोन करून वेळ ठरव आणि तारीख मला कळव.

तुझी,
आई