रेडिएटरमधलं पाणी नाही, कूलंट!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यायची त्याच्या टिप्स आल्या होत्या, त्यात 'रेडिएटरमधलं पाणी तपासा' असं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. पाणी नाही हो, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते खास द्रव. ह्या एका शब्दापायी माझ्या गाडीचं इंजिन खोलावं लागलंय.

इथे मुलुंडला सर्व्हिसिंगला गाडी टाकली होती, कूलंट बदला म्हटलं तर मेकॅनिक म्हणाला, साहेब ते अँटीफ्रीझ थंड मुलखातल्या लोकांना, मुंबईत कुठे बर्फ पडतो, साधं पाणी टाकतो मस्त चालेल. मलाही पटलं. पुढच्या मे महिन्यात घरच्यांना घेऊन नाशिकला निघालो, एसी फुल, कसारा घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा जाऊन लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफा. मी रेडिएटरचं झाकण उघडायलाच निघालो होतो, बायकोने हात धरला म्हणून वाचलो, कारण आत सगळं प्रेशरखाली उकळत असतं आणि ते सरळ तोंडावर येतं. इंजिन चांगलं गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचाच नाही.

नंतर खोललं तेव्हा मी समोर उभा होतो. निघालेलं पाणी गंजून विटकरी झालेलं, थर्मोस्टॅटच्या (रेडिएटरकडे जाणारं पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) तोंडाशी गिझरच्या कॉइलवर धरतो तसा पांढरा थर, आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या कॉफीसारखं, म्हणजे पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनमधलं सील, हेड गॅस्केट, गेलेलं.

बर्फ पडतो की नाही ह्याच्याशी संबंधच नाही. साधं पाणी 100 अंशाला उकळतं, कूलंटमधलं मुख्य द्रव्य इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं केलं की साधारण 107 पर्यंत टिकतं आणि झाकणाच्या प्रेशरमुळे 120 च्याही पुढे जातं. शिवाय त्यात गंज न धरण्यासाठी केमिकल असतात, ती हळूहळू संपतात, म्हणून कूलंट बाटलीत मिनिमम-मॅक्सिममच्या मध्ये दिसत असलं तरी मुदत झाली की बदलायचंच. जुन्या प्रकारचं साधारण दोन वर्षं, लाँग लाइफवालं पाच वर्षांच्या आसपास, पण शेवटी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच खरं. रंगावर जाऊ नका, हिरवं-गुलाबी हा रंग कंपनी घालते, एकाच रंगाची दोन कूलंट वेगवेगळ्या जातीची असू शकतात. प्रीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) असेल तर तसंच ओता, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटरच मिसळा, नळाचं किंवा टँकरचं नको. आणि भरल्यावर हवा नीट काढून घ्या, आत हवा अडकली तर नवीन कूलंट टाकूनही गाडी तापते.

पण खरं दुखणं पुढेच आहे. त्याच गॅरेजमध्ये काढलेलं कूलंट रस्त्यावर सोडून देतात, गटाराच्या कडेला हिरवं डबकं साचतं, आणि आमच्या सोसायटीतली एक मांजर ते चाटताना मी स्वतः बघितलीय, हुसकली तरी परत येत होती. हे ग्लायकॉल चवीला गोड असतं, जनावरं ते पितात आणि दोन-तीन दिवसात किडन्या निकामी होऊन मरतात, थोडंसं पुरतं. लहान मुलांनाही तितकंच घातक, आणि आपल्याकडे उरलेलं कूलंट बिसलरीच्या बाटलीत भरून डिकीत ठेवायची सवय आहे ती तर आजच बंद करा. ह्याच्याच जवळच्या नात्यातलं डायइथिलीन ग्लायकॉल 1986 साली जे. जे. हॉस्पिटलमध्ये औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमधून पेशंटच्या पोटात गेलं आणि 14 जण दगावले, चौकशीला लेंटिन कमिशन बसलं होतं, आमच्या पिढीला ते अजून आठवतं.

जळकं ऑइल कोणी फेकत नाही कारण ते विकत घेणारे दारात येतात. जुन्या कूलंटला भाव नाही म्हणून ते गटारात जातं. एका गाडीतून चार-पाच लिटर निघतं, गॅरेजमध्ये रोज किती निघत असेल बघा. प्रत्येक वॉर्डात गॅरेजवाल्यांना ते कॅन भरून आणून देता येईल अशी एक जागा महापालिकेने ठरवून द्यावी, तुम्ही हा विषय लावून धरावा, आणि पुढच्या टिप्समध्ये 'पाणी' ऐवजी 'कूलंट' छापावं एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, मुलुंड