गाडी बदलायची म्हणतोस, तर 'फरक' शेवटी विचार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून हसू आलं. सहा पानांतली चार पानं त्या गाडीवर, आणि घरच्यांची खुशाली शेवटच्या ओळीत, तीही "बाकी सगळे मजेत" एवढीच! वहिनींना हे पत्र दाखवलं नसशील अशी आशा आहे.

"तू दोनदा गाडी बदललीस, तुला यातलं कळतं," असं लिहिलंयस. दोनदा बदलली हे खरं. पण पहिल्या खेपेला मी सपशेल बनलो होतो, आणि बनलो हे कळायला मला तीन महिने लागले. जे काही कळतं ते तिथून आलेलं आहे.

तेव्हाचं सांगतो. शोरूममध्ये माझी जुनी गाडी तपासायला एक माणूस आला. बोलत काहीच नव्हता. बॉनेटवरून हात फिरवला, टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं, दाराचं रबर ओढून आतल्या पत्र्याच्या जोडावर टॉर्च मारला, आणि दर वेळी फक्त "हं". पाचव्या "हं"ला मला स्वतःच्याच गाडीची लाज वाटायला लागली. मग किल्ली घेऊन तो "एक चक्कर मारून येतो" म्हणाला, तो तासभर उगवलाच नाही. किल्ली त्याच्याकडे, मी सोफ्यावर, समोर नव्या गाडीचं चकचकीत पत्रक. उठून जाणार कसा?

तासाभराने सेल्समन हसत आला आणि जुन्या गाडीचा असा भाव सांगितला की मी उडालोच. माझ्या अंदाजापेक्षा चांगला वर! मी लगेच विचारलं, "म्हणजे वर किती द्यायचे?" त्याने फरक सांगितला. मी म्हटलं, "हप्ता किती?" त्याने हप्ता सांगितला. झालं, सही केली. तीन महिन्यांनी ऑफिसातल्या एकाने तेच मॉडेल घेतलं. त्याच्याकडे द्यायला जुनी गाडी नव्हती, आणि नव्या गाडीवर त्याला घसघशीत सूट मिळाली होती. मला एका पैशाची सूट नव्हती. जुन्या गाडीवर मिळालेले 'जास्तीचे' पैसे त्यांनी माझ्याच खिशातून काढून माझ्याच हातावर ठेवले होते, आणि मी वर आभार मानून आलो होतो.

तर, तुला जो एक व्यवहार वाटतोय ना, ते तीन व्यवहार आहेत. जुनी गाडी विकणं, नवी घेणं आणि कर्ज काढणं. शोरूमवाल्याला तिन्हींचा काला करायला आवडतो, कारण एकीकडे सोडलेलं दुसरीकडे वसूल करता येतं आणि आपल्याला दिसतो फक्त फरक. समज नवी गाडी १०० ला आहे. पहिला म्हणतो, तुमची जुनी २५ ला घेतो. नव्यावर सूट नाही. फरक ७५. दुसरा म्हणतो, जुनीचे १८ देतो, नव्यावर १० सोडतो. फरक ७२. कानाला २५ गोड लागतात आणि १८ ऐकून अपमान वाटतो, पण स्वस्त दुसराच. आणि जुनी गाडी बाहेर २२ ला गेली, तर दुसऱ्याकडून ९० ला घेऊन फरक पडतो ६८.

म्हणून गाडी घ्यायची भाषा काढण्याआधी जुनीचा भाव काढ. तीन ठिकाणी, आणि तोंडी नव्हे, लेखी. जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपन्या आहेत, तुझा मेकॅनिक चार लोक ओळखत असेल, आणि जाहिरातींत तुझ्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच किलोमीटरच्या गाड्या काय मागतायत ते बघ. मागतायत, मिळतायत नव्हे, एवढं लक्षात ठेव. मग नव्या गाडीच्या बोलणीला जाताना तुझी जुनी गाडी आहे हेच विसर. "एक्स्चेंज आहे का सर?" हा प्रश्न दारातच येतो. "अजून ठरलं नाही" म्हण. ते खोटंही नाही. नव्याची किंमत कागदावर आली, की मग जुनीचा विषय काढ. मी दुसऱ्या वेळी असंच केलं, तेव्हा सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लगेच 'एक्स्चेंज बोनस' नावाचा प्रकार निघाला. तो कंपनीकडून खरोखर असतो कधीकधी, तो घ्यावाच. फक्त बोनस मोठा आणि मूळ भाव पडलेला, असं नाही ना, हे तुझ्या तीन लेखी भावांशी ताडून बघ.

बाहेर विकून सगळ्यात जास्त मिळतात, पण त्यात डोक्याला ताप आहे हे आधीच सांगतो. काही ठिकाणी कर नुसत्या फरकावर लागतो, तिथे एक्स्चेंजचं पारडं जड होतं. म्हणजे बाहेर जास्तीचं मिळणारं त्या कराएवढं तरी भरतंय का, तेही मोज. आणि तुला वेळ नसेल, तर १८ आणि २२ मधला फरक ही मनःशांतीची किंमत समजून मोकळा हो. त्यात कमीपणा नाही. फक्त किती मोजतोयस ते माहीत असू दे.

मी दुसरी गाडी बाहेर विकली. सात जण येऊन गेले. एकाने येताच निम्मा भाव सांगितला आणि वर मलाच "विचार करा" म्हणाला. शेवटी घेतली एका तरुण जोडप्याने. तो बॉनेटमध्ये डोकं घालून बसला होता. ती मात्र मागच्या सीटवर बसली, चारही काचा वरखाली केल्या, मग म्हणाली, "सर्व्हिसची बिलं आहेत?" मी फाइल दिली. दहा वर्षांची, तारखेप्रमाणे लावलेली. ती एकेक पान उलटत होती आणि मला दहावीचा निकाल लागत असल्यासारखं वाटत होतं. त्या फाइलनंतर तिने घासाघीस जवळजवळ केलीच नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. २००१ मध्ये ज्या तिघांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांत तो होता. सार असं, की गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा चांगल्या गाडीचेही पैसे खराब गाडीसारखे लावतो. त्या फाइलने नेमकी तीच शंका मिटवली. तुझी बिलं डॅशबोर्डच्या कप्प्यात चुरगळून पडली असतील, ती आधी काढ.

विकण्याआधी मोठा खर्च करू नकोस. रंगकामाचे पैसे भावात क्वचितच निघतात, उलट ताजा रंग बघून घेणाऱ्याला वाटतं, ठोकली असणार. आजकाल रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊन लोक येतात, पुट्टी भरलेली जागा लगेच सापडते. आतून बाहेरून नीट धुऊन घे, गेलेले बल्ब आणि वायपर बदल, दुसरी किल्ली शोधून ठेव. एवढं पुरे. आणि ठोकली असेल तर ठोकली म्हणून सांग, तसंही कळतंच.

आता हप्त्याचं. "महिन्याला किती परवडेल सर?" असं विचारतील. या प्रश्नाचं उत्तर कधी देऊ नकोस. एकदा आकडा सांगितलास, की मुदत ताणून कुठलीही गाडी त्या आकड्यात बसवून देतात. हिशेब बघ. १०० चं कर्ज, वर्षाला ९ टक्के. ५ वर्षांत फेडलंस तर हप्ता साधारण २.०८ आणि एकूण भरणा १२४.५. तेच ७ वर्षांवर नेलंस तर हप्ता १.६१ वर येतो, छान वाटतं, पण एकूण भरणा होतो १३५. आणि तीन वर्षं इमानाने हप्ते भरूनही मुद्दल ६५ च्या आसपास शिल्लकच. तोवर गाडी मात्र भराभर उतरलेली असते. तेव्हा विकायची वेळ आली तर गाडीच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त निघू शकतं. मग ते उरलेलं कर्ज पुढच्या गाडीच्या कर्जात घालून देतो म्हणणारेही भेटतात. तिथून पळ काढायचा.

आणखी एक चकवा म्हणजे फ्लॅट रेट. "फक्त ५ टक्के!" म्हणतील. फ्लॅट म्हणजे पूर्ण मुदत मूळ रकमेवरच व्याज, तू कितीही फेडलेलं असो. पाच वर्षांचा ५ टक्के फ्लॅट हा उतरत्या शिलकीवरच्या ९ टक्क्यांहून किंचित महागच पडतो. कर्ज आधी तुझ्या बँकेत मंजूर करून घे. शोरूमवाल्याने त्याहून स्वस्त दिलं तर त्याचं घे, पण तुलना 'एकूण किती भरणार' यावर कर. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही विचार. शून्य टक्के व्याज ऐकलंस तर विचार, "रोख घेतली तर किती सूट?" बहुतेक वेळा दोन्ही एकदम मिळत नाहीत, आणि सोडावी लागणारी सूट म्हणजेच व्याज.

किंमत ठरली की सगळ्यांचाच हात ढिला होतो, आणि जोडधंद्याच्या वस्तू नेमक्या तेव्हा येतात. खालून गंजरोधक लेप, वरून चमक टिकवणारा लेप, सीटचे कव्हर, वाढीव वॉरंटी, विमा. एवढे मोठे पैसे मोजल्यावर हे किरकोळ वाटतं ना, तोच डाव आहे. मी पहिल्या वेळी 'हाताळणी शुल्क' नावाचं काहीतरी भरून आलो. कसली हाताळणी, ते आजतागायत कळलेलं नाही. कर, नोंदणी, विमा, सगळं धरून गाडी दारात येईपर्यंतचा एकच आकडा लिहून माग, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून "हे कशाचं?" विचार. विमा बाहेरून घेता येतो. दावा न केल्याची जी सवलत तू वर्षानुवर्षं कमावलीस, ती अनेक देशांत गाडीची नसून तुझी असते. जुनी देताना विमा कंपनीकडून तसं पत्र घे, नाहीतर ती आपोआप नव्या गाडीवर येईल या भरवशावर राहशील.

कधी घ्यायची, हेही विचारलंयस. महिन्याचा किंवा तिमाहीचा शेवट बरा, तेव्हा विक्रीचं लक्ष्य गाठायची त्यांची धडपड चालू असते. नवं मॉडेल यायच्या तोंडावर जुनं स्वस्त मिळतं. पण ते विकताना तेवढंच स्वस्त जातं. तुझ्यासारख्या बारा-बारा वर्षं वापरणाऱ्याला त्याचं काही नाही, खुशाल घे. फक्त गाडी बनली कधी ते बघ. आवारात वर्षभर उन्हात उभी राहिलेली गाडी 'नवी' म्हणूनच विकतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३२१९' म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नव्या गाडीच्या टायरवर जुनं वर्ष दिसलं, की एक तर भाव पाड नाहीतर दुसरी गाडी दाखवायला सांग. "ऑफर आज रात्रीपर्यंतच" म्हणाले तर म्हणू देत. मला तशी आज रात्रीपर्यंतची ऑफर सलग नऊ दिवस मिळाली.

पण मला तुझं एक वाक्य खटकलं. "दुरुस्तीचा खर्च आता गाडीच्या किमतीच्या वर चाललाय" असं लिहिलंयस. अरे, तुलना ती नव्हेच. वर्षभराची दुरुस्ती एका बाजूला ठेव, आणि नव्या गाडीचं वर्षभराचं व्याज, वाढलेला विमा आणि तिची पहिल्या वर्षी होणारी किमतीची घसरण दुसऱ्या बाजूला. जुनीची जी घसरण व्हायची ती होऊन गेली आहे. नुसत्या पैशाने बघितलं तर थकलेली गाडी चालवणं पुष्कळदा स्वस्तच पडतं. हां, गाडी भरवशाची राहिली नाही, रात्री-अपरात्री रस्त्यात उभी राहते, एअरबॅग नाहीत, पत्रा खालून गंजलाय, तर जरूर बदल. आणि बदलायची ठरली तर ती चालती असतानाच बदल. बंद पडलेली गाडी टो करून नेलीस, की भाव तर पडतोच, शिवाय तुला नवी उद्याच्या उद्या हवी असते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही. पहिल्या वेळी माझा क्लच जायच्या बेतात होता.

दोन-तीन वर्षं वापरलेली गाडीही बघ. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. मात्र तुझ्या मेकॅनिकला सोबत ने, आणि इंजिन थंड असताना सुरू करून बघ. आधीच गरम करून ठेवलेली गाडी खूप काही लपवते.

जुनी देताना पैसे खात्यात दिसल्याशिवाय किल्ली सोडू नकोस. मोबाइलवर दाखवलेली पावती चालणार नाही. नाव बदलायचे कागद त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्याने केलेल्या चुकीचा दंड तुझ्या पत्त्यावर. आणि गाडीच्या स्क्रीनमधून तुझा फोन, पत्ते, घराचं ठिकाण सगळं पुसून टाक. माझ्याकडून ते राहिलं होतं. त्या जोडप्याचा महिन्याभराने फोन आला, "काका, तुमच्या सासूबाईंचा नंबर आमच्या गाडीत आहे."

तुझे तीन लेखी भाव आले की मला कळव, शोरूममध्ये पाऊल टाकायच्या आधी. सही करायला जाशील त्या दिवशी जमलं तर मीही येतो. फक्त तुझी किल्ली माझ्या खिशात ठेव, कोणाला चक्कर मारायला देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, आणि पुढच्या पत्रात त्यांची खुशाली पहिल्या पानावर लिही.

तुझा,
एकदा बनलेला मित्र