तपकीर गल्लीत भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पैसे द्यायला आलो तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात, पेढे आणले तर एक उचलून बाकीचा पुडा माझ्याच पिशवीत कोंबलात, आणि तोंडाने आभार मानू लागलो की तुम्ही विषय बेस गिटारच्या तारांवर नेता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. लिहिताना मला मध्येच तोडण्याची सोय तुम्हाला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, भर दुपारी, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुट्या भागांच्या एका दुकानाच्या फळीपाशी मी ‘व्हॉल्यूमचे पॉट द्या’ एवढेच सांगून उभा होतो (पॉट म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा फिरता रोध) आणि दुकानदाराने दहा-केचे, म्हणजे दहा हजार ओहमचे, पॉट पुढे ठेवले होते. शेजारी तुम्ही कसलीशी वायर मोजून घेत होतात. “कशात बसवायचंय?” असे विचारलेत. बेस गिटार म्हटल्यावर चष्म्यावरून पाहिलेत आणि म्हणालात, “मग दहा-के कशाला? आवाजावर गोधडी पडेल. अडीचशे-के माग, आणि ए लिहिलेलं माग, बी नको.” पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत उतरवणारे चुंबक, त्याच्या गुंडाळीचा रोध सात-आठ हजार ओहम असतो, तिच्या शेजारी दहा हजारांची वाट मोकळी केली तर आवाजाचा जोर आणि धार त्या वाटेनेच जिरून जातात, आणि ‘ए’ पॉट आपल्या कानाला जुळेल अशा बेताने आवाज चढवते, हे सगळे तुम्ही त्या गर्दीत, मागचे गिऱ्हाईक कोपराने ढोसत असताना, मला उभ्या उभ्या समजावून सांगितलेत. पंचवीस वर्षे ऑर्केस्ट्रात बेस वाजवलेला माणूस माझ्याशी बोलतो आहे, हे मला नंतर चहाच्या टपरीवर कळले.

माझ्या बेसची तेव्हाची दशा तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. चाळिशी गाठताना, विम्याच्या कचेरीतून उरणाऱ्या संध्याकाळी काहीतरी जाड आवाजाचे वाजवावे अशी हौस आली आणि शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या एका मुलाकडून ‘जॅझ बेस’ या दोन पिकअपांच्या नमुन्याच्या घाटाचे एक जुने वाद्य मी अकरा हजार रुपयांना घेतले. घेताना रंग पाहिला, वजन पाहिले, गळ्यात अडकवून फोटो काढला. वाद्याच्या लांब दांडीकडे, म्हणजे मानेकडे, एक डोळा मिटून पाहायचे असते हे मात्र माहीतच नव्हते. घरी आल्यावर दिसले ते असे: ‘ई’ या सगळ्यात जाड तारेवर पहिल्या चार पडद्यांत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांत) खर्रखर्र, एकच पिकअप चालू ठेवला की घूंऽऽ असा आवाज, आणि व्हॉल्यूम फिरवताना फोडणीत मोहरी पडल्यासारखी तडतड. यावर उपाय म्हणून नऊ हजारांचे नवे पिकअप, आवाज आधीच वाढवणारे एक प्रीअँप आणि तारा जिच्यावर टेकतात ती एक जाडजूड पितळी घोडी अशी यादी मी मोबाइलवर खरेदीसाठी तयार ठेवली होती. तुम्ही ती वाचलीत, फोन परत दिलात आणि म्हणालात, “आधी तारा बदल. मग रविवारी येतो.”

त्या रविवारी तुम्ही आलात ते बेसकडे ढुंकूनही न पाहता थेट भिंतीकडे गेलात. टेस्टर आणि मीटर लावून पाहिलेत. आमच्या जुन्या वाड्यातल्या त्या सॉकेटला तिसरे भोक होते, पण त्यामागे अर्थिंगची वायरच नव्हती. अँप, म्हणजे अॅम्प्लिफायर, चालू करून बेसच्या तारेला टेस्टर लावलात तर टेस्टरमधला दिवा मिणमिणला, म्हणजे तारेत वीज उतरत होती. मांडवातल्या कच्च्या वायरिंगवर रात्र-रात्र वाजवलेल्या माणसाची ती सवय होती, कारण एका हाताने तारा धरून ओठ माइकला लागले की काय होते हे तुम्ही समोर पाहिलेले होते. वायरमन येऊन अर्थिंग जोडून जाईपर्यंत तुम्ही मला अँपला हात लावू दिला नाही. मला त्या वेळी, खरे सांगतो, थोडा रागच आला होता.

अर्थिंग झाल्यावर अर्धी घूंघूं गेली. उरलेल्या अर्धीसाठी तुम्ही दोन्ही व्हॉल्यूम एकदम पूर्ण उघडलेत आणि ती नाहीशी झाली. एक थोडा कमी केलात आणि ती परत आली. जॅझ बेसच्या दोन पिकअपांच्या गुंडाळ्या आणि चुंबके एकमेकांच्या उलट असतात, म्हणून दोन्ही सारखे उघडे असले की विजेची गुणगुण आपापसात कटते आणि तारांचा आवाज तेवढा राहतो, हे ऐकून मी अवाक् झालो. पुढच्या आठवड्यात तुमच्या सांगण्यावरून बाहेरची गुणगुण अडवायला बेसच्या पोटातल्या खळग्याला तांब्याची चिकटपट्टी लावली, तिच्या प्रत्येक सांध्यावर विजेला वाट आहे ना ते मीटरने पाहिले, आणि मग एक व्हॉल्यूम कमी केला तरी चालण्यासारखी स्थिती आली. पॉट बदलताना मी घातलेला पहिला डाख पाहून तुम्ही “ही बर्फी झाली, डाख नव्हे” असे म्हणालात. पॉटची पाठ जाड पत्र्याची असते, डाख द्यायची माझी पंचवीस वॅटची इस्त्री तिला तापवू शकत नव्हती आणि शिसे वरच्या वर गोळा होऊन बसले होते. तुम्ही आपली साठ वॅटची इस्त्री दिलीत. ती अजून माझ्याकडेच आहे.

आता मुख्य गोष्ट. खर्रखर्र ऐकून तुम्ही हसलात आणि म्हणालात, “मिरजेला लोक पैसे मोजून तंबोऱ्याची जवारी काढून घेतात. तुला ही फुकट मिळाली आहे.” तंबोऱ्यात तारेने घोडीला हलके घासत राहावे म्हणून खाली दोरा सरकवतात, बेसमध्ये तीच तार पडद्याला घासली तर सूर मरतो. मग तुम्ही शर्टाच्या खिशातून पत्त्याचे एक पान काढलेत. चौकटची दुर्री. तारा सुरात लावून, डाव्या हाताने ई तार पहिल्या पडद्यावर आणि उजव्याने शेवटच्या पडद्यावर दाबून धरायला मला सांगितलेत, आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तारेखाली ती दुर्री सरकवून पाहिलीत. ती शिरेना. तार पडद्याला टेकलेलीच होती. चार तारा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास मान ओढतात, त्या ओढीला मानेच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, उलट तोलून धरते, आणि मान किंचित, फक्त पत्त्याच्या जाडीएवढी, पुढे झुकलेली राहावी लागते. मी मात्र कुठलीशी चित्रफीत पाहून रॉड आवळून ठेवला होता.

“तुम्हीच फिरवा,” असे म्हणून मी अॅलन की पुढे केली. तुम्ही ती घेतली नाहीत. “बेस कुणाचा?” एवढेच विचारलेत. माझ्या तळहाताला घाम आला होता. पाव फेरा डावीकडे, त्याहून केसभर जास्त नाही, असे तुम्ही सांगत होतात. आतून एक लाकडी कुरकुर आली, मी दचकून थांबलो, आणि तुम्ही मानेवर हात ठेवून “बोलू दे तिला” असे म्हणालात. पुन्हा तारा सुरात लावायला लावल्यात आणि रात्रभर बेस तसाच ठेवायला सांगून निघून गेलात, दुर्री माझ्याकडे ठेवून. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधी मी ती तारेखाली घातली. ती तार न उचलता सरकली, आणि पहिल्या चार पडद्यांतली खर्रखर्र गेली होती.

त्यानंतरचे सगळे, म्हणजे बाराव्या पडद्यावरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसते बोट टेकवून निघणारा सूर) जुळेपर्यंत घोडीवरचे खोगीर, म्हणजे तारेचा टेकू, मागेपुढे करणे वगैरे, मी स्वतःच केले. ज्या तीन वस्तूंची यादी होती त्यांतली एकही घेतली नाही. आवाजातले चढउतार सपाट करणारे एक कॉम्प्रेसर पेडल घेतले, ते तुम्हाला आवडलेले नाही, आणि ते मी विकणारही नाही. गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांबद्दलही आपले पटलेले नाही; तुम्हाला त्यांचा मऊ ठोका हवा, मला नव्या, खरबरीत राउंडवाउंडची खणखण. जुन्या तारा चहाच्या पातेल्यात उकळून ताज्या करण्याचा तुमचा ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला प्रयोग मी एकदा केला. आवाज चार दिवस खरोखर उजळला, पातेले मात्र सौभाग्यवतींनी कायमचे बाद केले.

पावसाळ्यात मान हलते आणि उन्हाळ्यात पुन्हा हलते. जूनमध्ये आणि मार्चमध्ये दुर्री काढतो, लागला तर पाव फेरा देतो, आणि आता घाम येत नाही. सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे तिची एक लाट आठ मीटरांहून लांब, आमच्या दिवाणखान्यापेक्षा मोठी. भिंतींवरून परतणाऱ्या लाटा खोलीत काही जागी एकमेकींना कापतात, त्यामुळे मला स्वतःला कधी कधी ती नीट ऐकू येत नाही, पण खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना येते. रात्री नऊनंतर हेडफोन लावतो.

एक काम राहिले आहे. ‘जी’ या सगळ्यात बारीक तारेवर सहाव्या पडद्याशी सूर इतर जागांच्या मानाने लवकर विझतो. मानेच्या टोकाचे वजन वाढवले तर ही जागा सरकते असे तुम्ही म्हणाला होतात, म्हणून मी तिथे एक लहान सुतारी शिकंजा आवळून पाहिला. जागा खरोखर सरकली, पण पाचव्या पडद्यावर, म्हणजे मला रोज लागणाऱ्या सी सुरावरच, येऊन बसली. येत्या रविवारी बेस घेऊन येतो. इस्त्री परत आणतो, दुर्रीही सोबत असेल. पेढे आणणार नाही.

आपला नम्र,
दहा-के मागणारा